आधी जेवून घ्या

त्या दिवशी माझी पत्नी दौंडच्या शाळेत वारली. मी शिरूरच्या कारखान्यात होतो. फोन माझ्या केबिनमध्ये आला. तो माझ्या सहायकाने घेतला. मग तो मला शोधत आला आणि म्हणाला, "साहेब, आधी जेवून घ्या."

मला कळले.

त्याने आणखी काही सांगायची गरज नव्हती, कारण आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागात, हे वाक्य माझे होते. बरीच वर्षे ते मी इतरांना म्हणत आलो होतो. ते माझे कसे झाले, हे आधी सांगायला हवे. मी सावकाश लिहितो आहे. एका बैठकीत चार-सहा ओळींपलीकडे जाता येत नाही.

कारखाना पुणे-नगर रस्त्यावर, शिरूरच्या अलीकडे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसच्या यंत्रांत दाबून काढत असू. मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षे होती. पत्नी दौंडला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायची. तिची नोकरी कायम होती, माझीही झाली, आणि दोन्हींतली एक सोडावी असे आम्हा दोघांपैकी कुणाला सुचले नाही. मी शिरूरला खोली घेतली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी न्हावऱ्यावरून जाणारी दौंडची गाडी पकडायची, सुट्टी घरी काढायची, आणि सकाळी उजाडायच्या सुमाराला परत निघायचे. आठवडाभर खाणावळीचा डबा असे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तेवढा घरचा. आम्हाला मूल नव्हते.

मी बोलका माणूस नाही. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सुपरवायझर पत्ते कुटत, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे. कामगारांनी माझे नाव 'मुका साहेब' ठेवले होते. ते मला ऐकू येईल अशा बेताने म्हटले जाई.

"मुक्या सायबाला ईचार की, प्रेस का बंद पडली."

"त्यो काय सांगणार? त्यो आन् प्रेस दोघं सारखेच. बटन दाबल्याबिगर हालत न्हाईत."

मी हसत असे. उत्तर सुचायचे, पण ते खोलीवर गेल्यावर.

त्या काळी सगळ्या प्रेस शॉपला एक फोन होता आणि तो माझ्या केबिनमध्ये होता. माणसे केंदूर, मांडवगण, न्हावरे, काष्टी अशी कुठून कुठून येत. घरच्यांकडे कारखान्याचा तोच नंबर असे. गावातल्या एसटीडी बूथवरून फोन यायचा. मुलगा झाला, मुलगी झाली, बैल विकला गेला, असले फोन असले तर समोरचा माणूस ओरडून बोले. दुसऱ्या जातीच्या फोनमध्ये आधी थोडा वेळ काहीच ऐकू येत नसे. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणे, "साहेब हायेत का? त्याला घरी लावून द्या जरा. आबांना जास्त हाय."

माणूस गेला, असे आमच्या भागात कुणी फोनवर म्हणत नाही. 'जास्त आहे' म्हणतात. सांगणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही. ज्याला घरी पोहोचवायचे त्यालाही तेवढेच सांगतात, म्हणजे तो रस्त्यात कोसळत नाही. खरे काय ते त्याला घराच्या अंगणात कळते. तिथे धरायला माणसे असतात.

असा पहिला फोन आला तेव्हा मी तरुण होतो आणि मला एवढेच ठाऊक होते की, निरोप आला की पोहोचवावा. मी केबिनमधून निघालो. दारात आमच्या जुन्या फोरमननी माझे मनगट धरले. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणे.

"कुठं निघालात?"

"त्याला सांगायला. आई वारली त्याची."

"आन् त्याचं हात कुठं हायेत आत्ता?"

मी काचेतून पाहिले. त्याचे हात प्रेसच्या तोंडाशी होते. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर, दोन्ही बटणे दाबायची, पुन्हा हात आत.

"आधी त्याची प्रेस थांबू द्या," आप्पा म्हणाले. "मग हात धू द्या. मग जेवू द्या. एकदा का कळलं, की माती होईस्तवर त्याच्या नरड्याखाली पाणी उतरायचं न्हाई. घरी चूल पेटायची न्हाई. संध्याकाळी भावकीतलं कुणी कडू घास आणून देईल तवा. तवर रडायला, खांदा द्यायला अंगात काय पाहिजे का नको?"

"पण तेवढा वेळ त्याच्यापासून लपवायचं?"

"लपवायचं न्हाई. थांबायचं."

त्या दिवशी आप्पांनी त्याला बोलावले, स्वतःच्या भाकरीतली अर्धी दिली, काहीबाही बोलत राहिले, आणि त्याची शेवटची चूळ भरून झाल्यावर म्हणाले, "घरी जाऊन ये बरं जरा. आईला जास्त हाय म्हणत्यात." मी बाजूला उभा होतो. मला वाटले, माणसे सांभाळायची म्हणतात ती अशी. हे मला कधीच जमणार नाही.

जमले. काही वर्षांत आप्पा निवृत्त झाले, शॉप माझ्याकडे आला आणि हे काम आपोआप माझ्याकडे आले. मी त्यात माझीही भर घातली. बोलावण्याआधी कंपनीची जीप दाराशी आणून ठेवायची. त्याच्याच गावचा एक माणूस बरोबर द्यायचा. समोर बसायचे नाही, शेजारी बसायचे. घड्याळाकडे पाहायचे नाही. परत कधी येणार, हे विचारायचे नाही. आणि डबा माझा. "आधी जेवून घे. मला आज भूक नाही, तू खा," असे म्हणायचे. साहेबाने पुढे केलेला डबा कुणी परत सारत नाही.

हळूहळू शॉपमधले बोलणे बदलले. 'मुका साहेब' राहिला, पण त्याचा सूर वेगळा झाला. घरातली भांडणे, मुलीचे न जमणारे लग्न, भावाची दारू, असे सगळे माझ्या केबिनमध्ये यायला लागले. मी फारसे बोलत नसे आणि त्यांना ते चालत असे. वरिष्ठांनी एकदा बैठकीत म्हटले, "याला माणूस कळतो." मी मान खाली घातली. पण आतून मला बरे वाटले, हे नाकारता येत नाही.

माझा सहायक केंदूरचा. तेव्हा तो सहायक झाला नव्हता, प्रेसवर होता. तोंडाचा फटकळ. मला 'मुका साहेब' हे नाव त्यानेच दिले असावे, असा माझा संशय आहे. सकाळी गेटवर समोरचा 'राम राम' म्हणाला तरी तो 'जय भीम' म्हणे, आणि मी दोन्हींना मान हलवतो म्हणून मला म्हणे, "साहेब, एकदा तरी तोंडानं म्हणा, मानेला किती काम देता?" एके दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. म्हणजे वडिलांविषयीचा. सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता, डबा घरचा होता. मी त्याची प्रेस थांबवली, हात धुवायला लावले आणि डबा पुढे केला.

"आधी जेवून घे. मला आज भूक नाही. तू खा."

त्याने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग खाली मांडी घालून बसला आणि खायला लागला. निम्म्यात थांबून म्हणाला, "साहेब, वहिनींनी मीठ कमी टाकलंय. का तुमचं बीपी वाढलंय?"

मी मोठ्याने हसलो. मनात म्हटले, याला काही कळलेले नाही, आपल्याला जमले. त्याने डबा पुसून खाल्ला, नळावर धुतला, झाकण लावून माझ्या हातात दिला. मग मी सांगितले, आबांना जास्त आहे.

बरोबर द्यायला त्याच्या गावचा एकच माणूस त्या पाळीत होता, बागायतदार घरातला. तोवर तो त्यांच्या वस्तीत कधी गेला नव्हता, हे मला माहीत नव्हते. तो वेशीवरून परतला नाही. विहारापुढच्या ओट्यावर सगळ्यांबरोबर बसून राहिला आणि संध्याकाळी आलेला घास तिथेच त्यांच्याबरोबर खाल्ला. हे मला जीपच्या ड्रायव्हरने सांगितले. त्या दोघांत पुढे दोस्ती झाली असे नाही. पण एकमेकांच्या प्रेसचा कचरा ते न सांगता झाडू लागले.

हे सगळे मी घरी सांगत असे. पत्नी नकाशाच्या वह्या तपासत ऐकायची. केंदूरच्या माणसाचे सांगितले तेव्हा मिठाचा विनोदही सांगितला. तिने लाल पेन खाली ठेवले.

"त्यांना कळत नसेल, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही कळत. कळलं असतं तर जेवला असता का?"

ती पेन उचलून म्हणाली, "मीठ कमी नव्हतं हं त्या दिवशी." आणि पुढची वही उघडली.

दोन हजार सालानंतर कंपन्यांमध्ये प्रशिक्षणाची लाट आली. पुण्याहून एक बाई येत. आम्हा सुपरवायझरांना कँटीनमध्ये बसवून त्या 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवत. पडद्यावर चेहरे दाखवत: हा रागावलेला, हा घाबरलेला, हा दुःखी. आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात ओळखत असू. बाई चांगल्या होत्या. आपल्या आत काय चालले आहे त्याला आधी स्वतःशी नाव द्या, मग समोरच्याशी बोला, असे त्या म्हणत. मला ते पटले होते. एकदा त्यांनी विचारले, "कामगाराच्या घरून वाईट बातमी आली, तर तुम्ही ती कशी द्याल?"

मागून वेल्डिंगचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आमच्यात बातमी देत न्हाईत. डबा देतात." सगळे हसले आणि माझ्याकडे वळून बघायला लागले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट विचारून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचा हेतू चांगला आहे. पण त्या माणसाला सत्य कळण्याचा हक्क आहे. शांत जागी न्या, शेजारी बसा, आणि स्पष्ट शब्दांत सांगा. फिरवून बोललात तर त्याला तुमच्यासमोर न कळल्याचं सोंग करावं लागतं."

मला वाटले, यांना गाव माहीत नाही. मी तसे बोललो नाही. मान हलवली.

मग तो दिवस आला. सकाळी मी दौंडहून निघालो होतो. ती न्हाऊन, केस ओलेच बांधून स्वयंपाकघरात उभी होती. डबा भरून दिला. पुढच्या वेळी येताना शिरूरच्या बाजारातून मटकी आणा, इथलीला नीट मोड येत नाहीत, म्हणाली. मी बरे म्हटले आणि गाडी चुकेल म्हणून मागे न बघता निघालो. शाळेत ती फळ्यावर नकाशा काढत होती. मुलांनी नंतर सांगितले की, बाई खडू हातात घेऊन खाली बसल्या. मुलांना वाटले, खडू पडला असेल.

मी स्टोअरमध्ये होतो. सहायक दारात आला. तोवर मीच त्याला सहायक करून घेतले होते, आणि मी नसताना असा फोन आला तर काय करायचे हे त्याला मीच शिकवले होते. त्याच्या हातात माझा डबा होता.

"साहेब, आधी जेवून घ्या."

"एवढ्यात?"

"घ्या की. पुन्हा काम लागलं म्हंजी राहून जाईल."

मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्या खांद्यापलीकडे भिंतीकडे पाहत होता. बाहेर जीप सुरू करून परत बंद केल्याचा आवाज आला. माझ्या घरी दौंडला एकच माणूस होता.

मी हात धुतले. पोत्यांवर बसलो. तो शेजारी बसला, समोर नाही. डब्यात मेथीची भाजी होती, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा चिरून वेगळ्या पुडीत बांधलेला. मला घास गिळता येत नव्हता, तरी मी गिळत होतो. मी थांबलो असतो तर त्याला बोलावे लागले असते. बडबड्या माणूस, पण त्याला विनोदही सुचत नव्हता. मी म्हणालो, "मेथी कोवळी आहे." तो म्हणाला, "व्हय. दौंडला चांगली येती." मी सगळा डबा संपवला. नळावर जाऊन धुतला. झाकण लावले. मग वळून त्याच्याकडे पाहिले, कारण आता सांगायची वेळ झाली होती आणि ती मला माहीत होती.

"घरी जाऊन येऊ जरा," तो म्हणाला. "वहिनींना जास्त हाय म्हणत्यात."

जीपमध्ये मी मागे बसलो, तो शेजारी. न्हावरे मागे पडले. मग मी विचारले, "कोणत्या दवाखान्यात नेलंय?" हे विचारायला नको होते. त्याने तयारी केलेली नव्हती. त्याने ड्रायव्हरकडे पाहिले, ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे. मीच म्हणालो, "बरं, तिथं गेल्यावर कळेल."

"व्हय, व्हय. तिथं गेल्यावर कळंल."

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकीच्या मागे बराच वेळ अडकलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला तर सहायकाने त्याच्या पाठीला हात लावून थांबवले. घाई कशाला, असा तो हात होता. तो हात मी पाहिला. आणि तरीही, मला हे लिहिले पाहिजे, भीमेच्या पुलापर्यंत मी तिला जिवंत धरून होतो. सगळे कळूनही धरून होतो. जास्त आहे म्हणजे आहे. अजून आहे. मटकी आणायला सांगितली आहे. पूल संपला तेव्हा गावातून येणाऱ्या एका माणसाने जीपमध्ये मला ओळखले आणि सायकलवरून उतरून उभा राहिला. तेवढ्यावर ते धरून ठेवणे सुटले.

घराच्या दारात शाळेची मुले गणवेशात रांगेने उभी होती. कुणीतरी त्यांना रांगेत उभे केले असावे. जीपमधून उतरल्यावर सहायक माझा दंड धरायला पुढे झाला आणि स्वतःच रडू लागला. चाकाशी बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या वेळी मला करता येण्यासारखे तेवढेच होते.

दहाव्याला कारखान्यातली बरीच माणसे आली. विधी झाल्यावर बाकीचे परतले, तो मागे राहिला. आम्ही ओसरीवर बसलो होतो. मला एकच गोष्ट विचारायची होती.

"तुझे वडील गेले त्या दिवशी," मी म्हणालो, "तुला कधी कळलं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही डबा पुढं केला तवाच."

"मग जेवलास कसा?"

"तुम्ही डब्याचं झाकण दोनदा काढलं आन् दोनदा लावलं, साहेब. मी न्हाई म्हणलो असतो तर तुम्हाला तिथंच सांगावं लागलं असतं. तुमच्याच्यानं झालं नसतं."

"आणि मीठ?"

"मीठ बरोबर व्हतं." तो थोडा हसला. "तुम्ही लई घाबरलेले दिसत व्हता. म्हणलं, हसवावं जरा."

मी विचारले, "बाकीचे?"

"समद्यांना कळायचं. जीप दारात आली की शॉपमधी कळायचं. ज्याची जीप त्याला तर पयलं. आमी आपापसात म्हणायचो, सायबानं बोलावलं तर गुमान जेवायचं, त्यांना तरास द्यायचा न्हाई."

हे तो मला धीर द्यायला सांगत होता. माझ्यावर त्या सगळ्यांचे प्रेम होते, असा त्याचा अर्थ होता. मी ते समजून घेतले. पण तो गेल्यावर मी ओसरीवरच बसून राहिलो. मी माणसे सांभाळतो असे मला इतकी वर्षे वाटत होते. आई गेलेल्या, बाप गेलेल्या, एकदा तर मूल गेलेल्या माणसांनी माझ्यासमोर बसून घास गिळले होते, मला सांगावे लागू नये म्हणून. पत्नीला हे एका विनोदावरून कळले होते. तिने मला सांगितले नाही. तिनेही मला सांभाळले. तिला आता विचारता येत नव्हते.

मी कामावर परत गेलो. आत काही ठरवले होते. यापुढे कुणाला ते सोंग करायला लावायचे नाही. ज्याचे दुःख त्याच्यावर माझे ओझे नको. पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या तेच बरोबर असावे, असे वाटू लागले होते. पुलापर्यंतचे ते धरून ठेवणे आठवले की मला फसवल्यासारखे वाटे, आणि तसे कुणाला वाटू नये असेही वाटे.

काही महिन्यांनी फोन आला. मांडवगण फराट्याचा एक जण होता, कामाला सरळ, अबोल, माझ्यासारखाच. त्याचे वडील गेले होते. शेतात, बसल्या जागी. सहायक केबिनच्या दारात आला, माझ्या डब्याकडे पाहिले, आणि मी मान हलवून नको म्हटले.

मी त्याची प्रेस थांबवली. त्याला मागच्या लिंबाखाली नेले. शेजारी बसलो. आपल्या आत काय चालले आहे त्याला नाव द्यावे म्हणून क्षणभर थांबलो, आणि नाव सापडले नाही. मग त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "तुझे वडील गेले. थोड्या वेळापूर्वी. फोन आला होता."

तो ओरडला नाही. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, घडी केली. पुन्हा उलगडले. जीप दाराशी आली होती. मी त्याला उठवायला गेलो. त्याने माझा हात बाजूला केला. रागाने नाही, जड वस्तू बाजूला करावी तसा.

"साहेब," तो म्हणाला, "घरी जाईस्तवर तरी जित्ता ठिवायचा व्हता माझा बा."

मी स्वतः भीमेचा पूल ओलांडून आलो होतो. मला हे माहीत असायला हवे होते, आणि माहीत होतेही. तरी मी तसे केले. आणि डबा पुढे केला असता, तर त्याने माझ्यासाठी जेवून दाखवले असते. दोन्हींत त्याचे वडील गेलेलेच होते. तिसरे काही मला तेव्हा सुचले नाही, आजही सुचत नाही.

तो जीपमध्ये बसला. उपाशीच गेला. न्हावऱ्यापर्यंत मी त्याच्याबरोबर जावे असे वाटले, पण त्याने दार आतून लावून घेतले.

सहायक दुपारी केबिनमध्ये आला.

"चुकलं का माझं?" मी विचारले.

"मला न्हाई सांगता येत, साहेब," तो म्हणाला. मग माझ्या टेबलावरचा बंद डबा पाहून म्हणाला, "तुम्ही तरी जेवा." आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. मी जेवलो नाही. त्यानेही दुसऱ्यांदा म्हटले नाही. तो तसाच बसून राहिला, पाळी संपल्याचा भोंगा होईपर्यंत.

मांडवगणचा तेराव्यानंतर कामावर आला. मला नमस्कार केला. माझ्याशी पूर्वीसारखाच वागला. त्याने मला क्षमा केली की त्याच्या लेखी तसे काही झालेच नव्हते, हे मी ओळखू शकलो नाही. पुण्याच्या बाईंच्या पडद्यावरचे चेहरे मला चटकन ओळखता येत होते.

पुढे मोबाईल आले. प्रेसवर तो जवळ ठेवायला बंदी आहे, म्हणून माणसे जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडतात आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांना काय ते कळते. कधी कुणी तसाच उभा राहतो आणि हातातला घास तसाच राहतो. तेव्हा शेजारचा कुणीतरी उठतो. मीही उठतो, पण तोवर कळून गेलेले असते.

आता केबिनमध्ये फोन आहे, त्यावर अशा बातम्या येत नाहीत. दौंडचे घर मी ठेवले आहे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिथे जातो आणि सकाळच्या गाडीने परत येतो. डबा मी स्वतः भरतो. दुपारी तो संपवतो.